हेल्वीच्या विहिरीतलं शुद्ध पाणी

१

"पाणी पिण्यायोग्य आहे."

हेल्वीने प्रयोगशाळेचा कागद मोठ्याने वाचला, टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी आपल्या विहिरीच्या पाण्याचा पेला आणून ठेवला. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते, तरी वास आला. तापलेल्या डांबराचा, आणि त्यात मिसळलेला इस्पितळाच्या फरशीचा.

"उर्वे, तुम्ही इतकी वर्षं पोलीस तपासात काढलीत," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा, मी वेडी झालेय का?"

"नाही."

"मग हे काय आहे?"

तिचा नवरा हेन्नो शरद ऋतूत गेला. मूत्रपिंडं निकामी झाली होती. वय पंचेचाळीसही नव्हतं. मधमाश्या पाळायचा, दारूला शिवत नसे. शेवटच्या वर्षी त्याच्या अंगावर चट्टे उठायचे आणि डोकं धरून तो दिवसदिवस पडून राहायचा. आमचं लेपासो गाव तेलाच्या कारखान्याच्या खालच्या अंगाला आहे. कारखाना जमिनीतला तेल भरलेला, पेट घेणारा दगड भाजून त्याचं तेल काढतो आणि उरलेली काळी राख गावाच्या डोक्यावर ओततो. माझ्या लहानपणी तिथे शेत होतं. आता एस्टोनियाच्या या सपाट कोपऱ्यात त्या राखेएवढा उंच दुसरा डोंगर नाही. पाऊस त्यातून झिरपतो, बर्फ त्यातून वितळतो आणि सगळं आमच्या चुनखडीच्या भेगांत उतरतं. रशियनांचं राज्य होतं तोवर याबद्दल बोलायची सोय नव्हती. ते गेल्यालाही आता काही वर्षं झाली होती, तरी राख पडतच होती.

हेन्नोला पुरल्यावर हेल्वीने अर्ज केला. विहिरी तपासा आणि कारखान्याला गावात नळ टाकायला लावा, एवढीच मागणी. अर्जावर सगळ्यांच्या आधी सही केली ती गावच्या डॉक्टर वाल्दुरने. मार्चच्या सुरुवातीला जिल्हा आरोग्य कार्यालयाचा निरीक्षक राइवो नमुने घ्यायला आला. अहवाल खराब आला तर जिल्हा समिती विहिरी बंद करून कारखान्याला जबाबदार धरणार होती. चांगला आला तर अर्ज निकाली निघणार होता.

आणि तो चांगला आला होता.

"बाटल्या बदलल्या," हेल्वी म्हणाली.

"तेच तर कोडं आहे. राइवोने तुझ्या विहिरीतून बादली काढली, आपल्यासमोर बाटल्या भरल्या, आपल्यासमोर शिशाचं सील लावलं. कागदावर लिहिलंय, सील शाबूत होतं."

"म्हणजे माझ्याच विहिरीचं पाणी तपासलं?"

"तुझ्याच विहिरीतून काढलेलं," मी म्हटलं.

तेव्हा त्या दोन वाक्यांतला फरक माझ्याही लक्षात आला नव्हता.

२

मी आधी डॉक्टर वाल्दुरकडे गेले. गावात शिकलेला आणि आमच्या बाजूचा म्हणावा असा तो एकच माणूस. साठीचा, सडसडीत, हात सदैव स्वच्छ. हेन्नोच्या उशाशी शेवटची रात्र तोच बसला होता.

दवाखान्याला लागूनच त्याचं घर. त्याने मला स्वयंपाकघरात नेलं, कॉफी टाकली, काळा पाव कापला, त्यावर लोणी आणि खारवलेले छोटे मासे ठेवले. अहवाल दोनदा वाचून त्याने चष्मा काढला.

"हे धडधडीत खोटं आहे," तो म्हणाला. "उर्वे, मी या गावाची नाडी बघतो. निम्म्या गावाला चट्टे आहेत."

"मग कोणी केलं असेल?"

"मी डॉक्टर आहे, पोलीस नाही. पण शहरातल्या प्रयोगशाळेत काय चालतं ते देव जाणे. तिथे एक रशियन बाई आहे, झिनाइदा अर्काद्येव्ना. तिचं आयुष्य कारखान्याच्या वसाहतीत गेलंय. आणि राइवोची बायको कुठे कामाला आहे, माहीत आहे ना?"

"कुठे?"

"कारखान्याच्या कचेरीत." त्याने माझा कप पुन्हा भरला. "मी काही म्हणत नाही. तू शोध."

कॉफी छान होती. कितीतरी दिवसांनी मी कॉफीची चव असलेली कॉफी प्यायले. किंचित खारट लागली, ते मी माशांवर ढकललं. रागात असलेल्या माणसाला कोणी गरम काही दिलं की तो चांगला वाटायला लागतो. मी दोन कप प्यायले आणि शहराची बस धरली.

३

झिनाइदा अर्काद्येव्ना थोराड बाई होती. पांढऱ्या कोटावर लोकरी शाल. मी कशाला आले ते ऐकताच तिचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे मी आकडे फिरवले," ती म्हणाली. तिची एस्टोनियन अडखळत होती, पण राग अडखळत नव्हता. "मी कुठे राहते, ठाऊक आहे? राखेच्या डोंगराच्या पलीकडे. तुमच्याकडे पाणी खराब, आमच्याकडे हवा. माझी बहीण पन्नाशीच्या आत गेली. आणि मी त्यांच्यासाठी खोटं लिहीन?"

"मला फक्त समजून घ्यायचंय, झिनाइदा अर्काद्येव्ना."

"मग समजून घ्या. जे बाटलीत होतं ते मी लिहिलं. ज्याचा तो डांबरी वास येतो ते फिनॉल नाही, तेल नाही. मलाच आश्चर्य वाटलं, म्हणून पुन्हा तपासलं. आणखी एक सांगते, ते पाणी फार हलकं होतं. तुमच्या भागात सगळा चुनखडीचा खडक. तिथलं पाणी उकळलं की भांड्याला पांढरं पुट धरतं. यात चुना जवळजवळ नाहीच. उलट मीठ जास्त."

"मग तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"अहवालात आकडे आहेत की. वाचायचे कोणी? सगळे शेवटची ओळ वाचतात."

ते खरं होतं. मीही शेवटचीच ओळ वाचली होती.

"बाटली अजून आहे?"

"एक राखून ठेवतो आम्ही. शीतकपाट बिघडलंय, म्हणून तिकडे खिडकीत आहे. टाकणारच होते, खराब झालीय."

खिडकीखाली गरम पाणी फिरवून खोली उबदार ठेवणारे नळ होते. त्यांच्या उबेत ती बाटली उभी होती. गळ्याला राइवोचा शिक्का लोंबत होता. पाणी गढूळ झालं होतं, काळं किंवा पिवळं नाही, तर पांढरट. झिनाइदाने बूच काढलं आणि बाटली माझ्या नाकाशी धरली.

डांबराचा मागमूस नव्हता. हेल्वीच्या विहिरीच्या पाण्याला नासलेल्या दुधाचा वास येत होता.

४

बसमधून उतरले ती थेट हेल्वीच्या परड्यात गेले. जमीन अजून दगडासारखी गोठलेली होती.

"हेल्वी, राइवोने बादली सोडली तेव्हा तू काहीतरी म्हणाली होतीस."

"मी? हां, पाणी लवकर लागलं म्हणाले. एरवी रहाट फिरवून हात दुखतो. म्हटलं, बर्फ वितळायला लागला असेल."

"आज तरी वितळलाय का?"

तिने खाली पाहिलं. मग माझ्याकडे.

"आणि त्या दिवशी वास नव्हता," ती सावकाश म्हणाली. "राइवो म्हणाला, थंडीत वास दबतो."

"आदल्या दिवशी तू कुठे होतीस?"

"चिठ्ठी घेऊन शहराच्या इस्पितळात. माझी मूत्रपिंडं तपासायला. सगळा दिवस त्यातच गेला. उगाचच गेले, तिथे माझं नावच नव्हतं नोंदवलेलं. परत पाठवलं."

विहिरीमागे गोठ्याची भिंत आहे आणि तिच्यापलीकडे चर. मी चरातला वरचा भुरभुरीत बर्फ हाताने बाजूला केला. खाली तपकिरी बर्फाचा जाड थर होता, तेलकट. त्याला तोच वास होता. कोणीतरी विहीर उपसून पाणी इथे सोडलं होतं आणि ते जागच्या जागी गोठलं होतं.

"बाटल्या कोणी बदलल्या नाहीत," मी म्हटलं. "विहीरच बदलली. आधी उपसली, मग चांगलं पाणी ओतलं. गोठलेल्या जमिनीतून विहिरीला पाझर कमी, म्हणून ते पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलं."

"एवढं पाणी आणलं कशातून?"

"दुधाच्या टँकरमधून."

गावात टँकर एकच, डेअरीचा. आणि खूप खोलवरचं, हलकं, किंचित खारं पाणी देणारी बोअरही एकच, डेअरीच्या आवारातली. डेअरी चालवायचा काल्यू, आणि गावप्रमुखही तोच. त्याचा मुलगा कारखान्यात फोरमन होता आणि डेअरीला लागणारी वाफ कारखान्यातूनच यायची. अर्जावर त्याने सही केली नव्हती.

मी तडक काल्यूच्या घरी गेले.

"ये," तो म्हणाला. "सही मागायला आलीस तर तशीच परत जा."

"सही नको. राइवो येण्याच्या आदल्या दिवशी तुझ्या टँकरने हेल्वीच्या विहिरीत पाणी ओतलं. ते का, एवढं सांग."

तो खुर्चीवर बसला.

"तुला डोकं आहे का, उर्वे? मला ठाऊक होतं का तो कधी येणार ते? मी डेअरीत होतो. त्याची गाडी दिसली म्हणून पळत आलो. तू होतीस ना तिथे?"

होते. रबरी बूट आणि ॲप्रन घातलेला काल्यू धापा टाकत अंगणात शिरला होता, आणि आल्याआल्या राइवोवर खेकसला होता की गावप्रमुखाला कळवायची पद्धत आहे की नाही.

"टँकरच्या किल्ल्या?"

"खिळ्याला लटकतात. यूलो चालवतो. दुपारी शहरातून परत आला की त्याचा तो मोकळा."

"बोअरचं पाणी कोण नेतं?"

"कोण नेणार? खारट आहे, कॉफी बिघडते. भांडी धुवायला वापरतो. डॉक्टर सुया उकळायला कॅन नेतो. पूर्वी शाळा न्यायची, आता शाळाच नाही."

त्याच्या बायकोने चहा आणला. कप तोंडाशी नेला आणि घशाशी डांबर आलं. चुलीवरच्या किटलीचं झाकण उघडं होतं. आतून चुन्याचं पुट इतकं जाड, की जणू आत प्लास्टर केलेलं. काल्यूने आपला चहा एका घोटात संपवला.

"तुमच्याकडेही वास आहे," मी म्हटलं.

"आजोबांची विहीर आहे ती. माझा बाप हेच पाणी प्यायला."

"आणि तुझा बाप कशाने गेला?"

काल्यूने रिकामा कप बाजूला सारला. त्याची बायको दारातच उभी होती.

"आमच्या सुनेला दोनदा दिवस गेले," ती म्हणाली. "दोन्ही बाळं पोटातच गेली. डॉक्टर म्हणाले, कधीकधी होतं असं, मन खंबीर ठेवा."

काल्यूने बायकोकडे मान वळवली. "ही मला सही करा म्हणत होती," तो पुटपुटला. "मीच म्हटलं, मुलाची नोकरी आहे."

हा माणूस घाबरट होता, हट्टी होता. पण घरात चांगलं पाणी आणायची सोय असून रोज हे विष पिणारा माणूस काही लपवत नव्हता. त्याला माहीतच नव्हतं. आणि राइवो कधी येणार हेही त्याला माहीत नव्हतं.

मग कोणाला माहीत होतं?

५

राइवोला मी त्याच्या कचेरीच्या पायऱ्यांवर गाठलं. पन्नाशीचा, गोलमटोल, कायम घाईत. मला बघून त्याने हातातली पिशवी छातीशी धरली.

"अहवाल गेला," तो म्हणाला. "आता माझ्या हातात काही नाही."

"तुमची बायको कारखान्यात आहे."

"आहे. अर्धा जिल्हा कारखान्यात आहे. म्हणून काय?"

"लेपासोला कधी जाणार ते तिला सांगितलं होतंत?"

"नाही." त्याला घाम फुटला होता. "बाई, ऐका. त्या कामाबद्दल मी घरी अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर तिने मला आजारी पडायला लावलं असतं. मी भित्रा आहे, मान्य. सील लावताना मला वाटलं होतं, वास का नाही. पण मी विचारलं नाही, कारण वास नाही म्हणजे कटकट नाही. एवढंच माझं पाप."

"एवढंच नाही. पण ते नंतर बघू. तारीख कोणाला सांगितली?"

"कोणालाच नाही. म्हणजे, नियमाप्रमाणे गावाला कळवलं."

"काल्यूला तर कळवलं नव्हतंत."

"त्याचा फोन बंद होता. म्हणून मी दवाखान्यात फोन केला. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका, मी काल्यूला निरोप देतो, हेल्वीलाही सांगतो. त्या दिवशी काल्यू खेकसला तेव्हा वाटलं, डॉक्टर विसरले असतील."

मी पायरीवरच बसले.

हेल्वीला राइवो येणार हे त्याची गाडी दारात आल्यावर कळलं होतं. काल्यूलाही तेव्हाच. निरोप कोणालाच मिळाला नव्हता. निरोपाऐवजी हेल्वीला इस्पितळाची चिठ्ठी मिळाली होती, ज्या इस्पितळात तिचं नावच नव्हतं.

"ती चिठ्ठी कोणी दिली?" असं मी हेल्वीला विचारलंच नव्हतं. गावात इस्पितळाची चिठ्ठी देणारा माणूस एकच असतो, म्हणून तो प्रश्न मला सुचला नव्हता.

६

यूलो टँकर धूत होता. त्याने काही लपवलं नाही. लपवायला त्याच्याकडे काही नव्हतंच.

"डॉक्टरांनी सांगितलं. नमुना घ्यायच्या आधी विहीर उपसून स्वच्छ धुवायची असते म्हणाले, सरकारी पद्धत आहे. मी म्हटलं, हेल्वीचं काम आहे, करू या. ती बिचारी एकटी. फक्त तिला सांगू नकोस म्हणाले, तुझी विहीर घाण होती असं ऐकून तिला वाईट वाटेल." तो थांबला. "मी काही चुकीचं केलं का?"

डॉक्टर वाल्दुरकडे मी हेल्वीला घेऊन गेले. सकाळचे रुग्ण संपले होते. त्याने नेहमीसारखी कॉफी टाकली. मी चुलीजवळ गेले, कॉफीच्या भांड्याशेजारच्या किटलीचं झाकण काढलं आणि आत बोट फिरवलं. धातू गुळगुळीत होता. नवी असावी तसा.

"ही किती वर्षांची, डॉक्टर?"

"लग्नातली आहे. का?"

"तुमच्या अंगणातही चुनखडीची विहीर आहे. त्या पाण्याने एका हिवाळ्यात किटलीला पुट धरतं. तुमच्या किटलीत कण नाही. काल्यू समजतो, तुम्ही कॅन नेता ते सुया उकळायला. तुम्ही घरात तेच पिता. आजचं नाही, फार वर्षांपासून. म्हणजे आमच्या विहिरीत काय आहे हे तुम्हाला फार वर्षांपासून माहीत आहे."

मी बोलतच राहिले, कारण थांबले असते तर हात उचलला असता.

"टँकर काल्यूचा, पण त्याला दिवस माहीत नव्हता. राइवोला दिवस माहीत होता, पण त्याला आमचा टँकर, आमची बोअर आणि हेल्वी घरी नसण्याची वेळ ठाऊक असायचं कारण नाही. दिवस माहीत, बोअर माहीत, यूलो ज्याचं निमूट ऐकेल आणि हेल्वीला ज्याच्या एका चिठ्ठीवर दिवसभर शहरात पाठवता येईल असा माणूस एकच आहे. यूलोने सांगितलंय सगळं. पण त्याने सांगितलं नसतं तरी मी इथेच आले असते."

वाल्दुरने आच बंद केली. कॉफी तशीच राहिली.

"शहरातून एक माणूस आला होता," तो म्हणाला. "तेव्हा रशियन होते. त्याच्याकडे सगळ्या विहिरींचे आकडे होते. म्हणाला, लोकांना घाबरवायचं नाही. दवाखान्याला डेअरीचं पाणी वापरा. आणि दरवर्षी लिहून द्या, की गावाची प्रकृती उत्तम. मी लिहून दिलं. नाही म्हणणाऱ्यांना कुठे पाठवत, ते तुला माहीत आहे, उर्वे. तू त्यांच्याच खात्यात होतीस."

"माहीत आहे. त्याबद्दल मी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. पण रशियन गेले की. मग?"

"मग काय सांगणार होतो? की शाळेतल्या मुलांना मी तपासलं, निरोगी म्हणून सही केली, आणि मला माहीत होतं? पहिल्या वर्षी वाटलं, पुढच्या वर्षी सांगू. पुढच्या वर्षी ते आणखी अवघड झालं. हेल्वी अर्ज घेऊन आली, तेव्हा सही नाकारली असती तर सगळ्यांनी कारण विचारलं असतं. एक अहवाल खराब आला असता तर सगळ्या विहिरी उघडल्या असत्या, आणि जुने कागदही."

"कारखान्याने सांगितलं तुम्हाला हे करायला?"

"नाही." तो हसला, पण त्यात हसू नव्हतं. "त्यांना सांगावं लागलंच नाही."

हेल्वी इतका वेळ दाराजवळ उभी होती. तिने अंगातला कोटही काढला नव्हता.

"तुम्ही हेन्नोला सांगितलंत, भरपूर पाणी पी," ती म्हणाली. "मूत्रपिंडं धुतली जातील म्हणालात. मी मोठा तांब्या भरून उशाशी ठेवायचे. त्याला वासाने मळमळायचं, तर मी रागावायचे. डॉक्टरांनी सांगितलंय, पी."

वाल्दुरने मान खाली घातली.

"एकदा मी डेअरीचा कॅन आणून दिला होता," तो फार हळू म्हणाला. "त्याने विचारलं, हे कशाला. मला उत्तर देता आलं नाही. मग परत आणला नाही."

मला वाटलं ती किंचाळेल. तिने हातमोजे चढवले.

"त्याला सांगितलं असतंत तर तो कोणाकडे बोलला नसता," ती म्हणाली. "तो तसाही फारसा बोलायचा नाही."

आणि ती निघून गेली. मी मागे थांबले, कारण त्याच्याकडून सगळं लिहून, सही करून घ्यायचं होतं. आयुष्यभर खोटं लिहिलेल्या हाताने त्याने ते खरं लिहिलं, आणि अक्षर तितकंच सुरेख होतं. ते बघून मला जास्तच संताप आला.

७

राइवोने पुन्हा नमुने घेतले. या वेळी कोणाला न कळवता, आणि एका नव्हे, सगळ्या विहिरींचे. त्याने ते स्वतः झिनाइदाच्या हातात दिले. तिने खिडकी उघडून काम केलं म्हणे. समितीने विहिरींना कुलपं लावली. काल्यूने डेअरीच्या बोअरला नळ जोडून रस्त्यावर काढला आणि पहिली बादली स्वतः सुनेकडे पोचवली.

वाल्दुरचा परवाना गेला. शिक्षा किरकोळ झाली, तीही तुरुंगाबाहेर राहून भोगायची. गुन्हा काय, तर सरकारी नमुन्यात फेरफार. हेन्नोच्या मरणाबद्दल न्यायालयात कोणी शब्द काढला नाही. मृत्यूचं कारण सिद्ध करता येत नाही, असं त्याचा वकील म्हणाला, आणि कायद्याने ते बरोबर होतं. कारखान्याने पत्रक काढलं: जुन्या राजवटीतल्या प्रदूषणाबद्दल खेद वाटतो आणि गावप्रमुखांशी चर्चा चालू आहे. त्याच आठवड्यात राखेच्या गाड्या दुप्पट वेळा वर गेल्या.

निकालाच्या दिवशी हेल्वी न्यायालयाच्या पायऱ्या उतरताना थांबली.

"तुम्ही फार हुशारीने शोधलंत, उर्वे," ती म्हणाली. "किटली, दूध, सगळं. पण ज्याने लपवलं तो सापडला. ज्यांनी केलं, त्यांना तर शोधायचीही गरज नाही. मग त्यांना साक्षीलाही का बोलावलं नाही?"

आयुष्यभर मला शिकवलं गेलं की अवघड गुन्हा तो, ज्यातला गुन्हेगार दिसत नाही. गुन्हेगार सगळ्यांना दिसतो तेव्हा काय करायचं, हे कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या सोमवारी आम्ही सरकारी वकिलाच्या कचेरीत गेलो. हेल्वी, काल्यू, त्याची बायको आणि सून, यूलो, झिनाइदा अर्काद्येव्ना, आणि सगळ्यांच्या मागे पिशवी छातीशी धरून राइवो. वकील तरुण होता, नवा कोट, टेबल स्वच्छ. त्याने आमची गर्दी बघितली आणि त्याला वाटलं वाल्दुरबद्दल आलो आहोत.

"त्या प्रकरणाचा निकाल लागला," तो सौम्यपणे म्हणाला.

"ही दुसरी तक्रार आहे," मी म्हटलं. "माणसांच्या मरणाची."

"संशयित कोण?"

मी त्याला उठून खिडकीकडे यायला सांगितलं. तो आला. त्या कचेरीच्या खिडकीतूनही डोंगर दिसतो. शहराच्या कुठल्याही खिडकीतून दिसतो. माथ्यावर एक गाडी राख ओतत होती आणि वाफ वर चढत होती.

तो खुर्चीवर परत येऊन बसला आणि त्याने टाय सैल केला.

"हे मला एकट्याला घेता येणार नाही," तो म्हणाला. "वर विचारावं लागेल."

मी त्याच्या समोरची खुर्ची ओढली. हेल्वी भिंतीकडेच्या बाकावर बसली, तिच्या शेजारी काल्यूची सून. बाकीच्यांना जागा उरली नाही, ते उभे राहिले.

"विचारा," मी म्हटलं. "आम्ही बसतो."